मदत हवी आहे: रीडेच्या ग्रंथातल्या चित्रावरून वेलाचं शास्त्रीय नाव पक्कं करता येईल का?

वेलबुट्टी: लिनीयसने एका वेलाला दिलेल्या नावाला लेक्टोटाइप (नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना किंवा चित्र म्हणजे 'टाइप'; तो मूळ साहित्यातून मागाहून निवडला की लेक्टोटाइप) निवडायचाय. रीडेच्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथामधली प्लेट (छापील चित्र) वेलाशी तंतोतंत जुळते. तीच घेतली तर चालेल ना? सोमवारी लेख द्यायचाय, पटकन सांगा.

रानजाई: कोणतं नाव? प्रोटोलॉगमध्ये, म्हणजे नाव पहिल्यांदा छापलं तिथल्या मजकुरात, आणखी काय दिलंय? एवढ्यावरून कोण काय सांगणार!

वेलबुट्टी: नाव छापून येईपर्यंत नाही सांगणार. १७५३, लिनीयसचा 'स्पीशीज प्लांटारम' ग्रंथ. नमुना उल्लेखलेला नाही. लंडनच्या लिनीयन संग्रहात शीट (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना) आहे, पण फुलं झडलेली. चित्र कितीतरी सरस.

पुंकेसर: मग शीट आणि चित्र, दोघांचा टाइप होण्याचा हक्क सारखा. पण शीट १७५३च्या आधीची आहे का? लिनीयसच्या अक्षरात त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतला प्रजाती-क्रमांक शीटवर आहे का बघा. कोनिग या संग्राहकाने भारतातून पाठवलेली असेल तर ती बाद. तो इथे आला १७६८ला.

देठ: चित्र कसलं टाइप करता? त्यातून डीएनए काढणार का? ताजा नमुना घ्या आणि निओटाइप करा.

पुंकेसर: निओटाइप म्हणजे मूळ साहित्याच्या जागी घेतलेला नवा टाइप; मूळ साहित्य शिल्लक असताना तो होत नाही. तुम्हाला एपिटाइप, म्हणजे अपुऱ्या टाइपला आधार देणारा नमुना, म्हणायचंय. तोसुद्धा चित्रात निर्णायक लक्षण दिसत नसेल तरच, आणि कोणत्या लेक्टोटाइपला आधार आहे, कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळक्या नमुन्यांच्या संग्रहात) ठेवलाय, हे लिहून.

केतकी: प्लेटवर नागरीत कोंकणी नाव काय आहे हो? रंग भट, विनायक पंडित, आपू भट यांचा त्या ग्रंथाला हातभार होता.

वेलबुट्टी: ते राहू द्या. चित्रात वेलाचा पीळ उलटा दिसतोय, त्याचं काय?

देठ: आत्ता तर तंतोतंत होतं!

रानजाई: तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं छापताना आरशासारखं उलटतं. पिळावर जाऊ नका, पाकळ्या आणि फळ बघा. प्रोटोलॉगमध्ये 'फ्लोरा झेलानिका'चा (लिनीयसचा श्रीलंकेच्या वनस्पतींवरचा ग्रंथ) क्रमांक दिलाय का? असेल तर तो ग्रंथ ज्यांवर बेतलाय ते हर्मनचे श्रीलंकेतले नमुनेही बघावे लागतील. नमुन्यातली फांदी भलत्याच प्रजातीची निघाली तर आधी कळलेलं बरं. आणि टाइप आधी कुणी निवडलाय का?

वेलबुट्टी: क्रमांक नाही. १९८०च्या सुमाराच्या एका फ्लोरात (प्रदेशाच्या वनस्पतींच्या ग्रंथात) 'टाइप: रीडेची प्लेट' एवढी एक ओळ आहे. लेक्टोटाइप शब्दच नाही, म्हणून सोडून दिली.

पुंकेसर: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! तो शब्द सक्तीचा झाला १९९०पासून, निवड करताना 'येथे निवडला' असं लिहिणं २००१पासून. त्याआधी नुसतं 'टाइप' पुरतं. निवड झालेली आहे. प्लेट प्रोटोलॉगशी गंभीर विसंगत असेल तरच ती मोडता येते, आणि तुमची तर जुळतेय. तुमच्या लेखात 'येथे निवडला' लिहिलं असेल तर काढा, त्या फ्लोराच्या लेखकाचं नाव आणि पान घाला.