'राहता येत नसेल तर परत जा' म्हणणाऱ्या पुणेकरांना

हप्तेबहाद्दर:
परवा इथे एका काकांनी लिहिलं, "पुणं आजही महाराष्ट्रात राहायला एक नंबर आहे, ज्यांना त्रास होतो त्यांनी यायच्या आधी विचार करायचा होता, नाहीतर परतीच्या गाड्या रोज सुटतात." खाली टाळ्या, हार्ट, 'अगदी मनातलं'. मी तिथेच उत्तर टाकायला घेतलं पण ते आवरेना, म्हणून इथे.

काका, तुमचं पुणं कोणतं ते एकदा सांगून टाका. लक्ष्मी रोड ते कर्वे रोड एवढंच असेल तर विषयच मिटला, तिथे मीपण आनंदाने राहीन, फक्त मला तिथे कुणी घर ठेवून गेलेलं नाही.

मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली ना, ते आमचं गाव. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर, सगळे टीव्हीवाले त्या गाडीमागे आणि माझे आईवडील घागरी घेऊन रांगेत. तेव्हाच ठरवलं की यांना पुण्याला आणायचं, पुण्याला काय कमी आहे, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं उशाशी. वाघोलीत टू बीएचके घेतला, निवृत्त होईपर्यंत हप्ते. आता ऐका, आमच्या सोसायटीला बारा महिने टँकर. तो रिव्हर्स घेताना टूं टूं वाजतो ना, ते ऐकलं की आई झोपेतून उठते आणि बादल्या, पातेली, कुकरचे डबेसुद्धा भरून ठेवते. आई, टाकी भरतायत, नळाला येईल आपोआप, सांगून बघितलं. ऐकत नाही. मी तिला काय सांगून इकडे आणलं होतं ते तिने आजवर एकदाही काढलं नाही, त्याचंच जास्त लागतं.

आणि वर तुम्ही म्हणणार परतीच्या गाड्या सुटतात.

पेठकर:
तो काका मीच. सरळ नावानिशी लिहिलं असतंत तरी चाललं असतं, आम्ही पाठीमागून बोलणाऱ्यांतले नाही.

'वारसात मिळालेलं घर' हा सूर आधी बंद करा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी पहिलीत होतो. नारायण पेठेतलं आमचं भाड्याचं बिऱ्हाड, दोन खोल्या, गेलं. वडिलांच्या हातात एक पत्र्याची ट्रंक आणि खांद्यावर माझी बहीण, बाकी काही नाही. खाली खडकवासलाही फुटलेलं, त्यामुळे शहराचे नळ कोरडे, वाड्यांच्या विहिरी उपसून लोकांनी दिवस काढले. आम्ही पुढे गोखलेनगरला गेलो पूरग्रस्तांत. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही की बाबांनो परतीची गाडी पकडता का, आणि पकडून जाणार कुठे होतो? आत्ताचं घर वडिलांनी आणि मी पै पै करून घेतलंय. हप्ते आम्हीपण भरलेत.

मुद्दा एवढाच की आम्ही शहराच्या नावाने शंख केला नाही. हल्ली ज्याला त्याला तक्रार. आणि तक्रारच करायची तर माझी ऐका, माझ्या दारासमोर रोज परक्यांच्या चारचाक्या लागतात, रुग्णवाहिका आली तर आत कशी येणार? गणपतीत स्पीकरच्या भिंती, खिडकीच्या काचा थरथरतात, बीपीच्या गोळ्या वाढवाव्या लागतात. मिरवणूक पूर्वीही बघितलीय, पण छातीत धडधडायचं नाही. हे सगळं कुणी वाढवलं?

शेवटची_बस:
काका ते स्पीकर तरी लातूरवाल्यांनी लावलेले नाहीत हो, मंडळं तुमचीच 😄

मी ठाण्याचा, मला पुण्याचा एकच राग आहे. इथे दुचाकी नसेल तर माणूस अपंग. ठाण्याला लोकलला लोंबकळलोय, घामाने भिजलोय, पण निघताना माहीत असायचं की पोचणार. इथे बस कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. २००६ ला स्वारगेट कात्रज हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी वेगळी लेन, काढली, केवढा गाजावाजा, पुढे त्या लेनमधून सगळेच घुसायला लागले. विद्यापीठ चौकातला पूल बांधला आणि २०२० ला मेट्रोसाठी पाडला. चांदणी चौकाचा पूल तर २०२२ ला स्फोटकं लावून पाडला, लोक रात्री जागून बघत होते, आमच्या ग्रुपवर व्हिडिओ. एक शहर स्वतःचे पूल पाडून करमणूक करून घेतं, हे मी दुसरीकडे बघितलं नाही.

गावकी:
सगळ्यांचं वाचलं. एकाला वाटतं पुणं त्याचं, दुसऱ्याला वाटतं त्याला फसवलं, तिसऱ्याला लोकल पाहिजे. अरे पण तुम्ही सगळे यायच्या आधी तिथे माणसं राहत होती का नाही?

मी पुणे पालिकेत घातलेल्या त्या २३ गावांतला. ३० जून २०२१ ला एका आदेशात आम्ही पुणेकर झालो. पालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठी झाली म्हणून पेपरात मथळे. आम्हाला काय मिळालं, तर टॅक्सची बिलं. आधी काही अडलं तर सरपंचाच्या दारात उभं राहून आईमाईवरून भांडता यायचं. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर २०२६ च्या जानेवारीपर्यंत निवडणूकच झाली नाही, नुसता प्रशासक. तेवढी वर्षं भांडायचं कुणाशी? गाव पण गेलं आणि शहर पण आलं नाही.

आणि वाघोलीकर साहेब, ज्या टँकरच्या नावाने रडताय, तसले दोन टँकर माझ्या चुलत्याचे आहेत. त्याच विहिरीवर आमची मेथी-कोथिंबीर व्हायची. आता आजूबाजूला बारा-बारा मजली, शेतात पाणी राहत नाही, सांडपाणी मात्र राहतं. मग विहीर टँकरलाच देणार ना, का तुमच्या बाल्कनीला कोथिंबीर दिसावी म्हणून तोटा सोसायचा?

हप्तेबहाद्दर:
म्हणजे आम्हाला लुटणारे तुम्हीच निघालात. मार्च लागला की भाव चढतात, मे महिन्यात तर फोन उचलत नाहीत, वर 'साहेब दुसऱ्या सोसायटीने जास्त दिलेत' हे ऐकवायचं. आणि पाणी कसलं? हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बोटाने खरवडता येतो. शेतकरी म्हणून सहानुभूती घ्यायची आणि धंदा पाण्याचा करायचा.

गावकी:
तोंड सांभाळून. डिझेल तुमचे वडील भरतात का? मे महिन्यात विहीर तळाला जाते, दोन तास पंप बंद ठेवायचा मग परत भरायचं, ड्रायव्हर गाडीतच झोपतो. पाण्याची हमी देऊन फ्लॅट कुणी विकला? आम्ही? सेल्स ऑफिसला एसीत बसून कॉफी पिताना विचारलं होतंत का, की बाबा नळाला पाणी कुठून येणार?

हप्तेबहाद्दर:
विचारलं होतं. 'सर, पालिकेची लाइन मंजूर आहे' असं सांगितलं होतं. वडिलांपर्यंत जायचं काम नाही.

धायरी_फाटा:
टँकर तरी येतो तुमच्याकडे, नशीब समजा. आमच्या इथून गच्चीत गेलं की खडकवासल्याकडचे डोंगर दिसतात, धरण इतकं जवळ, आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची, साथ आली. नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे, इथलं गाव), किरकटवाडी, धायरी. आमच्या बिल्डिंगमधला एक धडधाकट माणूस, रोज टेकडी चढणारा, एका सकाळी कॉटवरून उठायला गेला आणि पायच उचलेना. कित्येक दिवस व्हेंटिलेटर. अजून काठी घेऊन चालतो. त्यानंतर मी शहराबद्दल कुणाशी वाद घालायचं सोडलंय, पाणी उकळतो आणि गप्प बसतो. काका, तुमच्या पेठेत तेव्हा काय परिस्थिती होती?

पेठकर:
आमच्याकडेही उकळूनच पीत होतो. पण हो, आमच्याकडे पेशंट नव्हता. ते मान्य.

रात्रपाळी:
सकाळपासून नुसतं पाणी पाणी चाललंय. मी जरा वेगळं बोलू का, का आधी सोसायटीचं एनओसी आणू?

मी यवतमाळची. तिथे संध्याकाळी सातला मेडिकलमध्ये जाऊन आले तर मी घरी पोचायच्या आधी 'तुमची मुलगी दिसली होती' हा फोन घरी पोचायचा. इथे कंपनीची कॅब मला रात्री दीडला विमाननगरच्या गेटवर सोडते. वॉचमन खुर्चीत पेंगत असतो, एक डोळा उघडून बघतो, परत मिटतो. बास, एवढीच चौकशी. मला ट्रॅफिक छळतो, पाणी आमच्याकडेही टँकरचंच आहे, पगारातला मोठा हिस्सा भाड्यात जातो. पण त्या मिटलेल्या डोळ्यासाठी मी अजून दोन टँकर झेलेन. तुम्ही जे सोडून आलात त्यात घर होतं, माणसं होती म्हणून तुम्हाला तोटा दिसतो. मी जे सोडून आले त्यात मला परत जायचंच नाहीये.

तरी पुण्याची आरती ओवाळणार नाही हां. घर शोधताना एका आजोबांनी पगार विचारला, जात विचारली, अंडी खाता का विचारलं, मित्र येतील का विचारलं, सगळ्याची उत्तरं घेऊन झाल्यावर म्हणाले आम्ही फॅमिलीलाच देतो.

पेठकर:
ते आजोबा मी नव्हे. खुलासा केलेला बरा.

शेवटची_बस:
@रात्रपाळी तुम्ही आयटीतल्या, पगार दणदणीत, म्हणून स्वातंत्र्य परवडतं. माझी बहीण रोज दोन बस बदलून जाते, तिला विचारा.

रात्रपाळी:
दणदणीत पगार 😂 कॉल सेंटर आहे दादा. आणि बहिणीला मी विचारेन, तुम्ही कधी विचारलंय का की तिला परत ठाण्याला जायचंय? तिचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर इथे येऊन सांगा.

शेवटची_बस:
विचारलं आत्ता. 'गप रे' म्हणाली. याचा अर्थ तुम्हाला हवा तो काढा.

ओसीवाला:
मी बरीच वर्षं बिल्डरांच्या ऑफिसात परवानग्यांची कामं केली, आता सोडलंय, म्हणून पाण्यावर बोलतो. जिथे पाइपलाइन नाही तिथे परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी स्वखर्चाने करीन. हा कागद फाइलला असतो. फ्लॅट घेणाऱ्याला तो कधीच दाखवत नाहीत, उलट ॲग्रीमेंटमध्ये मागच्या पानांवर एक ओळ घालतात की टँकरचा खर्च सभासदांनी वाटून घ्यायचा आहे. सोसायटी झाली, चाव्या दिल्या, की आता तुमचं तुम्ही बघा. गावकी आणि हप्तेबहाद्दर एकमेकांची गचांडी धरतायत आणि तिसरा पुढच्या प्रोजेक्टचं भूमिपूजन करतोय.

गावकी:
भूमिपूजनाला नारळ आमच्याच सरपंचाने फोडला होता, तेवढं आमच्याकडून लिहून घ्या. जमिनीचे पैसे घेताना आमच्यातलेपण कुणी काही विचारायला गेले नाहीत. पण टँकरवाल्याला चोर म्हणालात ते मी विसरणार नाही.

हप्तेबहाद्दर:
चोर म्हणालो नाही, लुटणारे म्हणालो. बरं, मे महिन्यापुरतंच म्हणालो असं समजा. @ओसीवाला ते हमीपत्र मिळतं कसं? आमचा सेक्रेटरी म्हणतो असलं काही नसतंच.

ओसीवाला:
बांधकाम परवानगीचा नंबर ॲग्रीमेंटला जोडलेल्या कागदांत असतो. तो टाकून माहिती अधिकारात बांधकाम विभागाकडे अर्ज करा, 'पाणीपुरवठ्याबाबत विकसकाने दिलेल्या हमीपत्राची प्रत' असं स्पष्ट लिहा, नुसतं 'पाण्याची माहिती' लिहिलंत तर उत्तरात काहीही येईल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. आणि सेक्रेटरी जर बिल्डरच्या ओळखीतला असेल तर त्याला आधी सांगू नका.

धायरी_फाटा:
आमच्या सोसायटीत सेक्रेटरी बिल्डरचा मेहुणा आहे. शुभेच्छा.

पेठकर:
आता मीच तुम्हाला शहर शिकवतोय असं नको वाटायला, पण हा अर्ज परवाची माझी पोस्ट वाचून चिडण्याआधी केला असतात तर एव्हाना पहिल्या अपिलाची तारीख लागली असती. मसुदा पाठवा, तपासून देतो. निवृत्त कारकून आहे, माझ्या अर्जातली ओळ अजून कुणी परत पाठवलेली नाही. आणि गाडी घेऊन भेटायला येणार असाल तर मंडईच्या पार्किंगला लावा, माझ्या दारात नको.

हप्तेबहाद्दर:
मसुदा रात्री पाठवतो. येईन बसने. म्हणजे आली तर.