चर्चमधील पेटीवादनातून मानाने निवृत्त कसे व्हावे? मदत हवी आहे

पांढरी_चार (कोल्हापूर)
सर्वांस सलाम. आमच्या मंडळीच्या रविवारच्या उपासनेत मी पेटी वाजवतो. आता थांबायचे, हे माझे ठरले आहे. निर्णय बदलावा असे सुचवणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. तसे सांगणारे घरात आणि मंडळीत पुष्कळ आहेत. मला फक्त पाळकसाहेब व पंचकमिटी यांना द्यावयाच्या पत्राचा मसुदा हवा आहे, आणि ते नाताळाआधी द्यावे की नंतर, एवढे कळावे. तोंडी सांगितले की ‘देव शक्ती देईल’ असे म्हणून विषय मिटवला जातो. नाताळच्या तालमी पुढच्या आठवड्यात सुरू होतील, म्हणून लवकर उत्तर मिळाल्यास बरे.

शाहूपुरीकर
मसुदा देता येईल, परंतु माहिती अपुरी आहे. आपण मानधन घेता का? आपल्यानंतर वाजवणारे कोणी आहे का? आणि थांबण्याचे कारण काय? ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय पत्र लिहिणे म्हणजे पट्टी न विचारता गाणे सुरू करण्यासारखे आहे.

सूरसोबती
कारण उघड आहे. वयानुसार डाव्या खांद्याला भाता मारणे झेपत नाही. माझ्या वडिलांचेही तेच झाले होते. मी त्यांना कीबोर्ड घेऊन दिला. भाता नाही, आणि एक बटण दाबले की पट्टी बदलते. ते अजून वाजवतात. आपणही कीबोर्ड घ्यावा, निवृत्तीची गरजच उरणार नाही.

पांढरी_चार
माझे खांदे व बोटे उत्तम आहेत. कीबोर्डविषयी मी विचारलेले नाही. अडचण कानांची आहे. मागच्या बाकांवरील स्त्रियांचा आवाज मला नीट पोहोचत नाही, त्यामुळे त्या कडव्याचा शेवटचा स्वर धरून असतात तेव्हा मी पुढच्या ओळीवर गेलेलो असतो. कोणी बोलून दाखवत नाही. तबलजी मला सांभाळून घेतो. श्रवणयंत्र लावले तर पेटीचा लांब स्वर थरथरल्यासारखा ऐकू येतो. आता पत्राकडे वळावे, ही विनंती.

कर्णोपचार
मी श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा दोन्ही कानांची उंच स्वर ऐकण्याची क्षमता आधी कमी होते. श्रवणयंत्राची मूळ जुळणी बोलणे समजावे अशा बेताने केलेली असते, आणि यंत्रातील शिट्टी रोखणारी व्यवस्था पेटीच्या एकसारख्या लांब स्वरालाच शिट्टी समजून तो कापू पाहते. थरथर बहुधा त्यामुळेच येते. बहुतेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून घेता येते. ती करून घ्यावी. वाजवण्यासाठी नको असेल तर निदान बाकावर बसून ऐकण्यासाठी.

वसईकर
आमच्या कॅथलिक पंथात बिशपांना आणि धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना वयाच्या ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करण्यास सांगितले जाते. तो लगेच स्वीकारला जातोच असे नाही, परंतु तो द्यावयाचा असतो हे सर्वांना आधीच ठाऊक असल्यामुळे कोणाचे मन दुखावत नाही. आपल्या पंचकमिटीने वादकांसाठीही अशी वयोमर्यादा ठरवावी.

वचनवाचक
बिशपांचे नियम येथे लागू होत नाहीत. शास्त्रातच उत्तर आहे. बायबलातील गणना ८:२४–२६ पाहावे. लेव्यांनी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातील पुरुषांनी, पन्नासाव्या वर्षी सेवेच्या कामातून निवृत्त व्हावे, परंतु दर्शनमंडपात (उपासनेच्या तंबूत) आपल्या भाऊबंदांना साहाय्य करीत राहावे, असे तेथे सांगितले आहे. पत्रात हेच वचन घालावे.

सूरसोबती
तो नियम मंडपाचे सामान वाहणाऱ्या लेव्यांच्या अंगमेहनतीचा आहे. वादकांसाठी १ इतिहास २५ वाचावे. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील २८८ जणांचे चोवीस गट होते आणि त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. तेथे वयोमर्यादा नाही, पाळीपत्रक आहे.

वचनवाचक
म्हणजे गुरूने शिष्याच्या बरोबरीने पाळी घ्यावी. कीबोर्ड घेऊन कायमचे बसून राहावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

देवलक्लबचा_श्रोता
पेटीला निरोप देण्याची घाई लोकांना नेहमीच असते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये अंशतः उठली, तरीही पेटी टिकलीच. अल्लादियाखाँसाहेबांच्या वास्तव्याने पावन झालेल्या कोल्हापुरात पेटीवादकाने असे हताश होऊ नये.

शाहूपुरीकर
आकाशवाणीचा येथे संबंध नाही, आणि धागाकर्ते हताश दिसत नाहीत, घाईत दिसतात. माझ्या दोन प्रश्नांना मात्र अजून उत्तर मिळालेले नाही.

पांढरी_चार
मानधन नाही. वाजवणारा आहे, माझाच विद्यार्थी कीबोर्डवर स्तुतिगीते छान वाजवतो. मात्र ना. वा. टिळकांची आणि इतर जुनी भजने त्याला येत नाहीत, कारण आमच्या पुस्तकात फक्त शब्द आहेत आणि आमच्या मंडळीच्या चाली कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्या मी वाजवतो, लोक म्हणतात. आणखी एक, चर्चमध्ये ठेवलेली पेटी माझी स्वतःची आहे. हे सर्व पत्रात कशासाठी हवे, ते मला समजले नाही.

पायपेटी
काका, पत्रात हेच हवे. आपण थांबलात की त्याच रविवारी मंडळीची पेटी आणि निम्म्या चाली दोन्ही जातील; पंचकमिटी आपल्याला सोडत नाही ती बहुधा या भीतीने, प्रेम असेलच ते निराळे. मी एका लहान गावातील मंडळीत याच वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते. सर्व गीते उतरवून काढण्याच्या फंदात पडू नये. आधी अंत्यविधीची गीते शिष्याला द्यावीत, कारण त्यांची पूर्वसूचना मिळत नाही आणि दफनभूमीत कीबोर्डला वीजही मिळत नाही. तेथे हातपेटीच लागते. त्यानंतर प्रभुभोजनाची, मग लग्नाची. प्रत्येक गीताची पट्टी, ताल आणि ध्रुवपदाची पहिली ओळ स्वरलिपीत लिहावी, आणि पूर्ण चाल फोनवर गाऊन ठेवावी. गाऊन, नुसती वाजवून नव्हे. श्वास कोठे घ्यायचा आणि लोक कोठे रेंगाळतात हे पेटीच्या आवाजातून कळत नाही. लोक वयाने वाढले असतील तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवण्याची मुभाही शिष्याला द्यावी, त्यावरून पुढे वाद नकोत.

पेटी मंडळीला द्यायची असेल तर तशी नोंद कमिटीच्या इतिवृत्तात करून घ्यावी आणि पावसाळ्यानंतरची दुरुस्ती मंडळीच्या खर्चाने व्हावी, हेही त्यातच लिहावे. परत न्यायची असेल तर तसे आताच स्पष्ट सांगावे.

शाहूपुरीकर
हे पहिल्याच प्रतिसादात कळले असते तर अर्धा धागा वाचला असता. आता वेळेविषयी. पत्र नाताळाआधी द्यावे, परंतु शेवटचा रविवार सणाचा नसावा. नाताळच्या उपासनेत निरोप ठेवला तर फेटा, शाल, भाषणे होतील आणि त्याच भरात ‘ईस्टरपर्यंत थांबा’ असा आग्रह होईल. फेब्रुवारीतील एखादा साधा रविवार निवडावा. नाताळात जुनी भजने आपण आणि नवी गीते शिष्याने वाजवावीत. जानेवारीत वाटणी उलट करावी.

पांढरी_चार
हे पटले. पेटी मंडळीलाच द्यायची आहे. मसुदा असा केला आहे: ‘प्रकृतीच्या कारणास्तव फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारनंतर मी पेटीवादनाच्या सेवेतून निवृत्त होत आहे. तोपर्यंत सोबतच्या पाळीपत्रकाप्रमाणे आम्ही दोघे वाजवू. चालींची वही आणि पेटी मंडळीच्या स्वाधीन करीत आहे.’ काही बदल सुचवावा.

पायपेटी
‘प्रकृतीच्या कारणास्तव’ काढून ‘ऐकू कमी येत असल्यामुळे’ असे लिहावे. नुसती प्रकृती म्हटली तर घरी येऊन प्रार्थना करतील आणि बरे वाटले का, पुन्हा कधी बसता, असे विचारत राहतील. आणि निवृत्तीनंतरचे काही रविवार शिष्याच्या नजरेच्या टप्प्यात बसू नये. मागच्या बाकांवर, त्या स्त्रियांच्या ओळीपाशी बसावे.