बुलेट ट्रेनचा खर्च वाढला तो कुणामुळे? उशिराचा हिशेब मांडायला हवा

सफाळेकर:
लोकल डहाणूपर्यंत 2013 साली आली, तेव्हापासून मी सफाळे ते चर्चगेट रोज जातो-येतो. विरारच्या पुढे आजही दोनच रूळ. मागून एक्स्प्रेस येत असली की आमची गाडी बाजूला काढून ठेवतात, आणि दारात उभी असलेली माणसं घड्याळाकडे बघत बसतात. विरार-डहाणू चौपदरीकरण एमयूटीपी-3 (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प) मध्ये 2016 ला मंजूर झालं. अंतर जेमतेम 64 किलोमीटर, तरी अजून पुरं नाही.

आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन बघा. भूमिपूजन 14 सप्टेंबर 2017 ला झालं. तेव्हा खर्च सांगितला 1 लाख 8 हजार कोटी आणि गाडी धावणार होती 2023 मध्ये. आज खर्चाचा आकडा दुपटीच्या घरात गेलाय आणि मुंबईची बाजू 2029 वर. त्या भूमिपूजनानंतर पंधराच दिवसांनी, 29 सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगरून 23 माणसं गेली. त्या पुलावरून मीही जायचो. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या शहराला जिना रुंद करून मिळत नाही, त्याने एवढा खर्च आधी अंगावर घ्यायला नको होता.

गर्डर:
सफाळेकर, तुमचा त्रास खरा आहे, पण दोन खाती एकत्र करू नका. मूळ खर्चाचा 81 टक्के भाग जपानचं कर्ज आहे, 0.1 टक्के व्याजाने, 50 वर्षांसाठी, आणि पहिली 15 वर्षं परतफेड नाही. ते याच कामासाठी मिळालंय. विरारच्या रुळांसाठी ते कुणी दिलं नसतं.

मी पुलांच्या कामात आयुष्य घालवलंय. गुजरातेत 40 मीटरचा अख्खा गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, 970 टनांची, यार्डात ओतून एका उचलीत खांबांवर ठेवतात. काँक्रीटला वेळ लागत नाही, जमिनीला लागतो. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले 7 ठाणे खाडीखालून. त्यासाठी विक्रोळीत गोदरेज कंपनीची जमीन लागत होती. ते प्रकरण उच्च न्यायालयात फेब्रुवारी 2023 मध्ये निकाली निघालं. तिवरांच्या तोडीला परवानगी मिळाली डिसेंबर 2022 मध्ये. आणि पूर्ण मार्गाची सगळी जमीन ताब्यात आली जानेवारी 2024 मध्ये, म्हणजे भूमिपूजनानंतर सहा वर्षांहून जास्त काळ गेल्यावर. तोवर सिमेंट, पोलाद, मजुरी कुणासाठी थांबली होती का?

आणि जपानची पहिली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तोक्यो-ओसाका, तिचाही खर्च जवळपास दुप्पट झाला होता. आज तो कुणाला आठवतो?

सफाळेकर:
मला आठवतो, कारण ते प्रकरण मी वाचलंय. काम 1959 ला सुरू झालं आणि 1 ऑक्टोबर 1964 ला 515 किलोमीटरवर गाडी धावली. साडेपाच वर्षांत! आणि खर्च हाताबाहेर गेला म्हणून तिथले रेल्वेप्रमुख शिंजी सोगो यांना 1963 मध्ये खुर्ची सोडावी लागली. आपल्याकडे कुणी सोडली?

कर्जाचं म्हणाल तर ते येनमध्ये आहे. पुढच्या 50 वर्षांत रुपया किती घसरेल त्यावर ते स्वस्त की महाग हे ठरणार. शिवाय बुलेट ट्रेन कंपनीचं भागभांडवल कर्जात येत नाही. त्यात महाराष्ट्राचे 5,000 कोटी आहेत आणि गुजरातचेही तेवढेच. 508 किलोमीटरपैकी आपल्याकडे सुमारे 156, बारा स्थानकांपैकी चार. तरी वाटा सारखा. हे 5,000 कोटी आपल्याच खिशातले आहेत ना?

गर्डर:
वाट्याचा मुद्दा मान्य. तिथे महाराष्ट्राने घासाघीस करायला हवी होती. उशिराबद्दल मात्र मी ठाम आहे. पालघर जिल्ह्यात मोजणीला लोक शेतात पाय ठेवू देत नव्हते. त्याची किंमत सगळा देश मोजतोय.

वाडीची लेक:
गर्डर दादा, त्या अडवणाऱ्यांत माझी आई होती, म्हणून लिहिते.

डहाणू तालुक्यात आमची चिकूची वाडी. आजोबांनी लावलेली. एक दिवस दुपारी आई पाणी सोडायला गेली तर अकरा झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाने आकडे टाकलेले. नोटीस नाही, विचारणं नाही. तिने पुढच्या खेपेला मोजणीची साखळी पायाखाली दाबून धरली. तिला अडवायचं नव्हतं, विचारायचं होतं: झाडाचे किती, विहिरीचे किती, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत पाणी कुठून न्यायचं? उत्तर द्यायला आलेल्या माणसाकडे तिन्हीपैकी एकाचंही उत्तर नव्हतं.

आमच्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला हक्क देणारा कायदा, लागू आहे. ग्रामसभांनी ठराव केले ते कायद्याने दिलेल्या हक्कात. तुम्ही ज्याला उशीर म्हणता, त्याच काळात आमचा भाव ठरला, झाडं नीट मोजली गेली, विहीर पंचनाम्यात आली. पहिल्याच वर्षी सही केली असती तर विहीर गेलीच होती.

गर्डर:
ताई, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे फाइल येते तेव्हा त्यात फक्त 'ताबा प्रलंबित' असं लिहिलेलं असतं. पण मग सांगा, भाव ठरल्यावरही दोन वर्षं का गेली?

वाडीची लेक:
सातबाऱ्यामुळे. त्यावर अजून आजोबाच होते, आणि ते जाऊन तीस वर्षं झालेली. खरे वारस चौदा. दोन आत्या लग्न होऊन सुरतला, एक काका वारलेले, त्यांची मुलं नालासोपाऱ्यात. चौदा सह्या गोळा करेपर्यंत पैसे अडकून. आमच्या गावात अशी निम्म्याहून जास्त खाती होती. हे काम सरकारला गावात शिबिर लावून भूमिपूजनाच्या आधी करता आलं असतं. त्याला किती खर्च आला असता?

सफाळेकर:
ताई, माझा विरोध कायम आहे, पण उशिराचं खापर फोडायची जागा मी बदलतो.

कामशेतचा:
मुंबई-पुणे-हैदराबाद बुलेट ट्रेन मार्गाचंही नाव घेतलं जातंय, म्हणून विचारतो. आमची जमीन मावळात आहे, उतारा अजून आजीच्या नावावर. काय काय लागेल?

वाडीची लेक:
मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा). लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळू नका, पुढे तिथेच अडतं. आणि तलाठ्याकडे अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसकट.