‘स्पेस रेस’ : शर्यत, स्पर्धा की चढाओढ?

मुलीच्या शाळेत भित्तिपत्रकावर चांद्रमोहिमांची माहिती लावायची आहे. मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अमेरिका-रशियाच्या ‘स्पेस रेस’साठी मी ‘चढाओढ’ लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारून ‘स्पर्धा’ केलं. वर्तमानपत्रं ‘शर्यत’ म्हणतात. नेमकं काय लिहू? आणि पैशांबद्दल ‘निधी’ की ‘तरतूद’?

▪ स्पर्धा नकोच. ती रांगोळीचीही असते. १९६० च्या दशकापुरतं ‘शर्यत’ लिहा. शर्यतीला शेवटची रेषा लागते, आणि ती अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकी काँग्रेसपुढे आखून दिली : दशक सरायच्या आत माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा. रशियाचा गागारिन अंतराळात जाऊन येऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते.

मी जुन्नरकडचा, त्यामुळे शर्यत म्हटलं की मला घाट, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची धावपट्टी, दिसतो. आमच्याकडे गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एक बारी, म्हणजे एका गाड्याची पाळी, सुटते, घड्याळ सेकंद मोजतं, मग पुढची बारी. चंद्राचंही तसंच झालं. फरक इतकाच, की आपला गाडा घाटात आहे हे रशियाने कबूलच केलं नाही. त्यांचं एन-१ हे अजस्र रॉकेट ३ जुलै १९६९ ला उडता उडताच तळावर कोसळलं. अमेरिकेचं अपोलो ११ चंद्रावर उतरायला तेव्हा १७ दिवस होते. एन-१ ची चारही उड्डाणं फसली, आणि आम्ही चंद्राच्या मागे नव्हतोच, हे पालुपद मॉस्कोने जवळजवळ वीस वर्षं चालवलं.

▪ दादा, घाट आवडला. भर घालतो : शर्यतीचं मूळ अरबी ‘शर्त’, म्हणजे अट, पैज. ‘प्रयत्नांची शर्थ’मधली शर्थही तीच. मला तर केनेडींच्या त्या भाषणाला ‘पैज’च म्हणावंसं वाटतं. पैज म्हणजे मुळात प्रतिज्ञा, पण हरलो तर गाठीचं जाणार हेही तिच्यात आलंच. गाठीचं कुणाचं, तर करदात्याचं. नोव्हेंबर १९६२ च्या एका बैठकीची ध्वनिफीत आहे. तीत नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना केनेडी सरळ सांगतात, की मला अवकाशात तितकासा रस नाही, रशियाला मागे टाकायचं नसेल तर एवढा पैसा ओतायचा कशाला? आणि हेच गृहस्थ सप्टेंबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत म्हणाले, चंद्रावर मिळून जाऊ या!

▪ पैशांबद्दल. ‘निधी’ म्हटलं की पूरग्रस्त निधी, भविष्य निर्वाह निधी, म्हणजे साठवून ठेवलेली रक्कम डोळ्यापुढे येते. अर्थसंकल्पात दर वर्षी टाकतात ती ‘तरतूद’. ती दर वर्षी मागावी लागते आणि तिला कात्रीही लागते. नासाची तरतूद १९६६ मध्ये अमेरिकी अर्थसंकल्पाच्या सुमारे ४.४ टक्के होती. तिथून ती घसरलीच, तेही चंद्रावर पाऊल पडायच्या तीन वर्षं आधी. १९७० मध्ये तीन चांद्रमोहिमा कापल्या गेल्या, डिसेंबर १९७२ च्या अपोलो १७ नंतर सगळंच थांबलं. भारताच्या गगनयान या मानवी अंतराळमोहिमेला मात्र ‘मंजूर खर्च’ लिहा : २०१८ मध्ये ९,०२३ कोटी रुपये, २०२४ मध्ये वाढवून २०,१९३ कोटी. ही मंत्रिमंडळाने मान्य केलेली एकूण रक्कम आहे, एका वर्षाची तरतूद नव्हे.

▪ ताई, तुमची चढाओढ वाया घालवू नका. आज अमेरिका आणि चीनमध्ये जे चाललंय त्याला तोच शब्द शोभतो. चंद्रावर पहिलं कोण, हे तर ठरून गेलं. आता रेषा कुठली? खास परवानगीशिवाय नासाने चीनबरोबर द्विपक्षीय सहकार्यावर पैसा खर्च करायचा नाही, अशी अट अमेरिकी काँग्रेसने २०११ पासून घातली आहे. चीनने तिआनगोंग हे आपलं वेगळं अंतराळ स्थानक उभारलं. ‘चढ’ही आहे आणि ‘ओढ’ही.

▪ ठरलं. १९७२ पर्यंत शर्यत, चीनच्या परिच्छेदात चढाओढ. बाईंकडे पुन्हा पाठवते.

▪ अवांतर : इंग्रजीत देशागणिक ॲस्ट्रोनॉट (अमेरिका), कॉस्मोनॉट (रशिया), टायकोनॉट (चीन) अशी वाटणी आहे. आपल्याकडे १९८४ मध्ये रशियाच्या सोयूझ यानातून गेलेले राकेश शर्मा अंतराळवीर, २०२५ मध्ये अमेरिकी ड्रॅगन यानातून गेलेले शुभांशू शुक्लाही अंतराळवीरच. मग आता गगनयानाच्या अंतराळवीरांसाठी हा ‘गगनयात्री’ वेगळा कशाला?