मदत हवी आहे: शाळेच्या स्टाफचं वजन कमी करायचा उपक्रम कोणी चालवलाय का? सोमवारपर्यंत आराखडा द्यायचाय

मैदानातली_ताई:
नमस्कार. मी शाळेत पी.टी. शिकवते. संस्थेने जूनमध्ये ठरवलं की स्टाफचं वजन कमी व्हायला हवं, आणि पी.टी.ची बाई म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. शाळा सुटल्यावर पावणेसहा ते साडेसहा योगासनं आणि झुंबा ठेवलं. पहिल्या दिवशी २६ जण आले, तिसऱ्या आठवड्यात ४, आणि परवा मी आणि आमचे शिपाईमामा असे दोघेच. मुख्याध्यापिका म्हणतात सोमवारी नवा आराखडा टेबलावर हवा. इच्छाशक्तीबद्दल कृपया कोणी लिहू नका, ते मीच रोज सांगून थकलेय. लोक यावेत म्हणून काय करू, एवढंच सांगा. हजेरी मस्टरला जोडली तर चालेल का?

गोदाकाठ:
स्टाफ किती? बायका किती? शाळा एका पाळीची की दोन? शिपाई, लिपिक धरलेत का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

दोनदाच_जेवा:
ताई, व्यायामाच्या मागे लागू नका. सगळ्यांना दीक्षित डाएटवर टाका. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझं ११ किलो उतरलं. खर्च शून्य.

डॉ_सांजवारा:
तुमचं उतरलं याचा आनंद आहे, पण 'सगळ्यांना टाका' हे घातक आहे. स्टाफमध्ये मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारं कोणी असलं आणि जेवण चुकलं, तर साखर एकदम खाली येऊन बाई वर्गात फळ्यापुढेच कोसळेल. आधी रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासा, औषधं विचारा, मग काय ते.
आणखी एक. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मोजताना जगभराचा तक्ता वापरू नका. आपल्याकडे २३च्या वर वजन जास्त आणि २५च्या वर लठ्ठपणा धरतात. १५५ सेंमी उंचीच्या बाईचं वजन ६० किलो असेल तर ती २५वर आलीच. त्याहून सोपी टेप: कंबर बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंमीच्या आत हवी.

दोनदाच_जेवा:
डॉक्टर लोकांना गोळ्या बंद झालेल्या नको असतात.

डॉ_सांजवारा:
माझे कितीतरी रुग्ण वजन उतरवून गोळ्या कमी करून गेलेत आणि मी ते आनंदाने केलंय. निम्मी गोळी कधी करायची ते मात्र ज्याने दिलीय त्याला विचारून ठरवायचं. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के जरी कमी झालं तरी साखरेत आणि रक्तदाबात फरक दिसतो. ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो. एवढंच ध्येय ठेवा.

वजनकाटा_हवाय:
विषय निघालाच आहे तर, घरी डिजिटल काटा घ्यावा की स्प्रिंगचा? आमचा फरशी बदलली की दोन किलो वेगळं दाखवतो.

नाना_निवृत्त:
मूळ दुखणं वेगळंच आहे. शिक्षकाला शिकवू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम २७ वाचा, अशैक्षणिक कामं लावता येत नाहीत. आता झुंबा पण करायचा का?

गोदाकाठ:
नाना, त्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून म्हटलंय, आणि ते सरकारने शिक्षकांना बाहेरच्या कामांना जुंपण्याबद्दल आहे. शिक्षकांच्याच तब्येतीचा त्यात काय संबंध?

नाना_निवृत्त:
संबंध आहे. बीएलओची (मतदारयादीच्या कामाची) ड्युटी करून रात्री नऊला घरी येणारा माणूस चालायला जाईल कधी? पोट तिथून सुटतं.

मैदानातली_ताई:
स्टाफ ४१, बायका २९. शाळा दोन पाळ्यांत, सकाळ ७:१० ते १२:२०, दुपार १२:४० ते ५:४०. शिपाई, मावशी, लिपिक सगळे धरलेत. आता सांगाल का?

गोदाकाठ:
अहो ताई, सकाळपाळीची माणसं १२:२०ला घरी जातात. ती पावणेसहाला झुंब्यासाठी परत कशी येणार? आणि २९ बायकांमधल्या किती जणींची घरं संध्याकाळी सहाला मोकळी असतात? सकाळपाळीची बाई साडेचारला उठून डबे करते आणि स्वतः चहावर निघते. मग मधल्या सुट्टीत समोर येईल तो वडा खाते. तुमच्या वेळेतच खोट आहे.

मैदानातली_ताई:
वेळ संस्थेने दिली, मी नाही. शाळेच्या वेळात काही करायचं नाही असं स्पष्ट सांगितलंय.

फळ्यावरची_ताई:
मग तेच आधी बदलून घ्या. आमच्या शाळेत (निमशहरी, ३० स्टाफ) गेल्या वर्षी असंच चाललं होतं. शेवटी मुख्याध्यापकांनी लेखी दिलं की आठवड्यातल्या दोन ठरलेल्या ऑफ (मोकळ्या) तासांना कोणालाही गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली तास लागणार नाही. त्या तासातली २० मिनिटं मैदानावर चालायचं, बाकी वह्या. दोघी-दोघी मिळून जातात, कोणी मोजत नाही. आठवड्याला १५० मिनिटं चालणं हवं असं सांगतात, त्यातली ४० शाळेने दिली, उरलेली लोक घरी आपापली करतात. खर्च काहीच नाही, पण संस्थेने स्वतःच्या वेळातला काही भाग सोडला म्हणून लोकांना पटलं.
दुसरं, चहा. टपरीवरून किटली साखर घालूनच येते ना? आम्ही चहावाल्याला दोन किटल्या द्यायला सांगितलं. बिनसाखरेच्या किटलीच्या कडीला मावशींनी जुन्या साडीची लाल चिंधी बांधलीय. आधी ती भरलेलीच परत जायची, आता आधी तीच संपते.

पालक_पुणे:
मुलांच्या डब्याचं पण बघा हो. सीबीएसईने २०२५मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलंय. माझ्या मुलाच्या वर्गात रोज कोणीतरी चॉकलेट वाटतं.

गोदाकाठ:
प्रश्न स्टाफचा आहे, पण तो फलक स्टाफरूममध्येही लावता येईल. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत वरची साखर बरी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. दोन चमचे साखरेचे दोन चहा झाले की १६ ते २० ग्रॅम तिथेच गेले. वर वाढदिवसाचे पेढे. ४१ माणसं म्हणजे ४१ वाढदिवस.

लिपिक_टेबल३:
मी शाळेतच लिपिक आहे. असल्या योजना नेहमी शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून करतात. शिक्षक तासाला उभे तरी राहतात. मी दहा ते सहा खुर्चीत, बिलं आणि पोर्टल. मला ऑफ तास नसतो. फाईल घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर जा, शिपायाला पाठवू नका, एवढं जरी कोणी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

सायली_वर्ग७:
ताई, एक विचारते. पहिल्या दिवशी वजनं कशी घेतलीत? सगळ्यांसमोर?

मैदानातली_ताई:
हो, स्टाफरूममध्येच. ईर्ष्या वाढावी म्हणून तक्ता लावला, महिन्यात सर्वात जास्त कमी करणाऱ्याला बक्षीस. फोटो ग्रुपवर टाकला. त्यात काय झालं?

सायली_वर्ग७:
आमच्याही शाळेत असा तक्ता लागला होता. माझ्या नावापुढे ८६. खडूची पेटी न्यायला आलेल्या सातवीच्या मुलांनी तो वाचला आणि मी वर्गात शिरले तेव्हा मागच्या बाकावरून आकडा ऐकू आला. मला थायरॉइड आहे, गोळी रोज घेते, मुलांना ते कुठून माहीत असणार. मी दोन दिवस रजा टाकली. त्यानंतर स्टाफरूममध्ये डबा उघडायचीही लाज वाटायची, म्हणून घरी जाऊन तीनला एकदम जेवायचे. वजन वाढलंच. तुमचे २६ लोक का थांबले ते एकदा त्यांना एकेकट्याला गाठून विचारा.

डॉ_सांजवारा:
तक्ता काढाच. वजन ज्याचं त्याला, बंद खोलीत, वहीत. महिन्याच्या बक्षिसाने लोक उपाशी राहून पाणी उतरवतात, चरबी तशीच राहते.

नाना_निवृत्त:
सायलीताई, वाचून वाईट वाटलं. मस्टरला तर मुळीच जोडू नका.

मैदानातली_ताई:
काल लिहिलं नाही कारण दिवसभर तेच करत होते. तक्ता काढला, ग्रुपवरचा फोटोही काढला आणि तिथेच माफी मागितली. सहा जणींशी बोलले. दोघी म्हणाल्या सगळ्यांसमोर वजन घेतल्यामुळेच येणं बंद केलं. एकीच्या सासूबाई अंथरुणावर आहेत. आमच्या मावशी म्हणाल्या, "बाई, रोज तीन जिने पाण्याची कळशी घेऊन चढते, गुडघा आधी बघा." त्यांना तर मी पहिल्या दिवशी उड्या मारायला लावल्या होत्या.
आराखड्यात आता हे घातलंय: बदली न लागणारे दोन तास, लिपिकांना त्याच वेळात टेबल सोडायची मुभा, दोन किटल्या, तपासणी बंद खोलीत, मावशींसाठी वर पाण्याचा पाइप. बक्षीस काढलं. संस्था तासांना हो म्हणेल का, शंका आहे. फळ्यावरची_ताई, तुमच्या मुख्याध्यापकांनी लेखी दिलं त्यात नेमकं काय लिहिलं होतं?

फळ्यावरची_ताई:
चार ओळींचं होतं. उद्या शाळेत जाऊन बघून जसंच्या तसं टंकते. तोवर चहावाल्याशी बोलून घ्या, तुमची संस्था त्याला तरी नाही म्हणणार नाही.