काळ्या मातीत शोषखड्डे तुंबतात; 40 घरांच्या सांडपाण्याचं विजेशिवाय काय करता येईल?

वस्तीकर:
वस्ती 200 माणसांची. नळाचं पाणी माणशी 55 लिटर. न्हाणी-मोरीचं पाणी उघड्या गटारातून ओढ्यात जातं. संडासाची टाकी वेगळी आहे. शोषखड्डे पावसाळ्यात तुडुंब भरतात. काय बांधावं?

मोरीपार:
आधी झिरप तपासा. 10 सेंमी रुंद खड्डा घ्या, रात्रभर भिजत ठेवा, मग पाणी 25 मिमी खाली जायला किती वेळ लागतो ते मोजा. 60 मिनिटांच्या वर गेलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाट बंद करते.

तुमचं सांडपाणी 200 × 55 च्या 80 टक्के, म्हणजे रोज जवळपास 9 घनमीटर. आधी दोन कप्प्यांची गाळटाकी: आतून 5 × 1.5 मीटर, पाणी 1.5 मीटर खोल. पुढे कर्दळीचा खडीवाफा, म्हणजे खडीने भरून वर कर्दळ लावलेला वाफा: 14 × 8 मीटर, खडी 60 सेंमी, तळाला 1 टक्का उतार. पाणी जवळपास तीन दिवस खडीतून हळूहळू पुढे सरकतं. मोटार लागत नाही, फक्त उतार लागतो.

वस्तीकर:
खाली सिमेंट करावं का? आणि वाफा तुंबला तर?

खडीवाला:
सिमेंट नको, काळी माती हलली की तडे जातात. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा. खाली बारीक मातीचा थर द्या, नाहीतर दगड टोचेल.

तुंबतो तो पहिल्या मीटर-दोन मीटरमध्येच. भांडी घासायची राख, केस, तेलकट थर तिथे अडकतात. म्हणून प्रत्येक मोरीला जाळी हवीच. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला टी-जोड लावा, त्याचं तोंड पाण्याखाली 30 सेंमी असू द्या, म्हणजे वरची साय पुढे जात नाही. वाफ्याच्या तोंडाशी 40 ते 80 मिमीचे गोटे, पुढे 10 ते 20 मिमीची खडी. खडी धुऊनच टाका; क्रशरची भुकटी राहिली तर वाफा पहिल्याच वर्षी बसतो.

मोरीपार:
पाण्याची पातळी खडीच्या माथ्यापासून 5 ते 10 सेंमी खाली ठेवा. पाणी वर दिसलं की डास झालेच! बाहेरच्या टोकाला फिरता एल्बो (पाइपचा कोपरा-जोड) असला तर पातळी हाताने बदलता येते. गाळ टाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की उपसा. निघालेलं पाणी केळी, नारळाला द्या. कोथिंबीर, मेथीला नको, जंतू पूर्ण मरत नाहीत.