क्रँकचं मागचं सील परत गळतंय: रिंगा गेल्या की ब्रीदर तुंबलाय?

उसाचा_फड:
नमस्कार मंडळी. घरचा जुना मॅसी १०३५ आहे, वडिलांनी घेतलेला. गेल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर मधोमध फोडून, म्हणजे इंजिन मागच्या भागापासून वेगळं करून, क्रँकचं मागचं सील (फिरत्या दांड्याभोवती ऑईल अडवणारं) बदललं. आता परत क्लच हाउसिंगच्या खाली, जिथं ती स्प्लिट पिन लोंबते, त्या भोकातून काळं ऑईल ठिबकतंय. टॅपेट कव्हरची गास्केटही पाझरतेय, आणि मळणीला लावला की ऑईलची गेजपट्टी आपोआप वर सरकते. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर बदलून टाका. पण सकाळी पहिल्या सेल्फला चालू होतो, धूर साधा, गळतं तेवढंच ऑईल कमी होतं. इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून मात्र काहीच येताना दिसत नाही. खर्चात पडण्याआधी काय बघू?

माळरान_४२:
हाफ इंजिन, म्हणजे रिंगा-लायनरचं काम, करा अन् मोकळे व्हा. आज ना उद्या करायचंच आहे.

जुना_फिटर:
माळरानभाऊ, दुसऱ्याच्या खिशातनं हाफ इंजिन करायला काय जातंय!

फडवाले, तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच उत्तर आहे. चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून काहीच येत नाही, असं होत नसतं. हे साधारण अडीच लिटरचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण २५०० लिटर हवा ओढतं. रिंगा कितीही चांगल्या असू द्या, दाबातला थोडा गॅस खाली उतरतोच. शंभरातला एक भाग धरला तरी मिनिटाला २५ लिटर झाला. नळी बंद असेल तर तो गेजपट्टी उचलणार, गास्केट फोडणार, आणि मागच्या सीलमधून ऑईल ढकलणार. त्या इंजिनात मागचं सील दोरीचं असेल तर आणखीनच लवकर. नवं घातलं तरी तेच.

आता नळी काढा. टॅपेट कव्हरपासून खालच्या टोकापर्यंत तार घालून बघा. आमच्याकडं एका नळीत कुंभारीण माशीनं मातीचे चार-पाच कप्पे केले होते, आत वाळलेल्या अळ्या, आणि वर ऑईल मुरून सगळं सिमेंटसारखं घट्ट. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत खालचं टोक गाळानं बुजतं. कुणी रंग मारताना, कुणी ठिबक बंद व्हावी म्हणून चिंधी कोंबतो. तो तर कहरच. जाळी असेल तर डिझेलमध्ये भिजवून धुवा, वाळवा, मग बसवा. मळणीवर उभ्या ट्रॅक्टरच्या जाळीत भुसा आणि ऑईल मिळून नुसता लगदा होतो.

नळी साफ झाली की इंजिन गरम करा, ऑईल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं नुसतं ठेवा. स्लो वर (रेस न देता) जरासं थरथरलं तर बिनधास्त राहा. भकभक करून उडून पडलं तर रिंगांचा विचार करा. तेव्हाही तीनही सिलिंडर गेले असं धरू नका. स्लो वरच एकेका इंजेक्टरच्या डिझेल पाइपाचं नट फडक्यानं धरून सैल करा. ज्याचं नट सोडल्यावर भकभक कमी होते, चोर तिथं आहे. बोटं मात्र नटाजवळ नेऊ नका, ती धार कातडीत शिरते.

आणि गेजपट्टीवर ऑईल वाढलेलं तर नाही ना, तेही बघा. फीड पंपाचा (टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा फाटला की डिझेल ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं आणि ब्रीदर ते फेकायला लागतो. वास घेतला तरी कळतं.

कोरेगावकर:
काका, कारसारखा पीसीव्ही व्हाल्व्ह (हा गॅस परत इंजिनात ओढून घेणारा) बसवला तर? किंवा नळी सरळ एअर क्लिनरनंतरच्या हवेच्या पाइपात सोडली तर? ठिबक तरी थांबेल.

जुना_फिटर:
तो व्हाल्व्ह पेट्रोलचा. थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) बंद असला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, पोकळी होते, ती गॅस ओढते. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून गाड्यांना लागला. आपल्या डिझेलमध्ये थ्रॉटल नाही, मग ओढ कुठली? नळीचं टोक खाली तिरकं कापलेलं असतं, ते चालत्या वाऱ्यानं ओढ मिळावी म्हणून. पण नांगरटीच्या वेगाला वारा तो किती, आणि मळणीवर तर ट्रॅक्टर उभाच. गॅस आपल्याच दाबानं बाहेर येतो, म्हणून रस्ता मोकळा लागतो.

पाइपात सोडायचं म्हणत असाल तर झिजलेल्या इंजिनाला मुळीच नको. ऑईलचा फवारा आत गेला की इंजिन तेच जाळून पळायला लागतं, आणि स्टॉपची दांडी ओढून काही होत नाही, कारण ती फक्त डिझेल तोडते. तसं झालंच तर हवा बंद करायची: पाइपाच्या तोंडावर सपाट फळी दाबा, हात नाही. ठिबक सहन होत नसेल तर नळीखाली डबा बांधा, वर झाकण नको.

उसाचा_फड:
नळी काढली. वरचं टोक मोकळं, खालून टीचभरावर तार अडते. टोचल्यावर लाल माती पडली. धुऊन लावतो आणि झाकणाची परीक्षा करून कळवतो. काका, तोवर सीलचं काय? परत फोडू का?

जुना_फिटर:
आत्ता नको. हाउसिंग खालून पुसून घ्या, आठवडाभर नेहमीसारखं काम करा, मग ठिबक बघा. क्लच घसरायला लागला तर मात्र थांबू नका, प्लेट भिजली असं समजा.